मेथडवरचे ॲनोटेशन आणि प्रत्यक्ष अधिकारतपासणी

फोंड्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या एका तरुण अभियंत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची कंपनी एका पतसंस्थेसाठी कर्जव्यवहाराची प्रणाली तयार करीत आहे. संस्थेच्या शाखा फोंडा, म्हापसा, वाळपई आणि काणकोण येथे आहेत. कारकून, शाखाधिकारी, सचिव आणि लेखापरीक्षक असे चार रोल (अधिकार ठरवण्यासाठीची पदे) ठरले आहेत. प्रणाली जावा ही भाषा आणि स्प्रिंग बूट हे तिचे फ्रेमवर्क यांवर असून सर्व्हिस क्लासमधील मेथड्सवर (एकेक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यांवर) @प्रीऑथराइज हे ॲनोटेशन (कोडवरची खूण) लावून कोणाला काय करता येईल हे ठरवलेले आहे. कारकुनाने कर्जमंजुरीची विनंती थेट पाठवली तर ती नाकारली जाते. परंतु पावसाळ्यात वाळपईची जोडणी तुटली की अर्ज एक्सेलमध्ये नोंदवून नंतर एकगठ्ठा चढवण्याची जी सोय केली आहे, तिच्यातून तोच कारकून तीच कर्जे मंजूर करून जातो आणि प्रणाली हूं की चूं करीत नाही. उलट महिनाअखेरीस रात्री चालणारे व्याजआकारणीचे काम, जे कोणी अडवू नये अशी अपेक्षा आहे, ते ‘सिक्युरिटी कॉन्टेक्स्टमध्ये ऑथेंटिकेशन सापडले नाही’ अशी एरर देऊन थांबते. यावरून टीममधील ज्येष्ठांचे मत असे पडले की ॲनोटेशने भरवशाची नाहीत, ती काढून प्रत्येक मेथडमध्ये सरळ ‘इफ’ (अट) लिहावे. तसे करावे, की स्वतःचे ॲनोटेशन आणि स्वतःचा इंटरसेप्टर (मेथडला मारलेली हाक मध्येच थांबवून तपासणारा कोड) लिहावा, हा त्यांचा प्रश्न आहे.

माझे उत्तर असे की यांपैकी काहीच करू नये. तुम्हाला दिसलेली दोन्ही लक्षणे ॲनोटेशनच्या दोषामुळे उद्भवलेली नाहीत. तपासणी नेमकी कोणत्या ठिकाणी घडते हे गृहीत धरल्यामुळे उद्भवलेली आहेत, आणि ते ठिकाण एकदा डोळ्यांसमोर आले की दोहोंचा उलगडा एकाच सूत्राने होतो.

ॲनोटेशन ही केवळ क्लास फाइलमध्ये लिहून ठेवलेली माहिती असते. जावा ५ मध्ये, २००४ साली, ॲनोटेशने भाषेत आली तेव्हापासून हे असेच आहे: ॲनोटेशन स्वतः काहीही करत नाही, ते वाचणारे दुसरे कोणीतरी असावे लागते. स्प्रिंगमध्ये हे वाचण्याचे काम कंटेनर, म्हणजे ऑब्जेक्ट तयार करून सांभाळणारा स्प्रिंगचा भाग, करतो. तो तुमच्या सर्व्हिसची बीन (कंटेनरने सांभाळलेले ऑब्जेक्ट) तयार करताना तिच्या मेथड्सवर अधिकाराची ॲनोटेशने आहेत का ते पाहतो, आणि असतील तर मूळ ऑब्जेक्ट तसेच न देता त्याच्या पुढे एक प्रॉक्सी (मध्यस्थ ऑब्जेक्ट) उभी करतो. कंट्रोलरला मिळतो तो या प्रॉक्सीचा संदर्भ. कंट्रोलरने मेथड हाकारली की हाक आधी प्रॉक्सीकडे जाते, तेथे इंटरसेप्टरची साखळी चालते, त्या साखळीतील एक कडी सध्याचा वापरकर्ता कोण आणि त्याला कोणते अधिकार आहेत हे पाहते, आणि सारे जुळले तरच हाक मूळ ऑब्जेक्टपर्यंत पोहोचते. प्रॉक्सी दोन प्रकारांनी बनते. इंटरफेस असेल तर जावाच्या १.३ आवृत्तीपासून उपलब्ध असलेल्या डायनॅमिक प्रॉक्सीने. नसेल तर सीजीलिब ही लायब्ररी वापरून चालत्या प्रोग्रॅममध्ये मूळ क्लासचा सबक्लास तयार करून. स्प्रिंग बूट २.० पासून इंटरफेस असला तरी दुसरा प्रकारच मूलतः वापरला जातो, हे पुढील काही अडचणी समजण्यासाठी लक्षात ठेवावे.

आता एकगठ्ठा अर्ज चढवण्याची मेथड घ्या. ती आणि कर्जमंजुरीची मेथड एकाच क्लासमध्ये आहेत. कारकुनाला अर्ज चढवण्याचा अधिकार आहे, त्यामुळे प्रॉक्सीने त्याला योग्यच आत सोडले. आत आल्यावर पहिल्या मेथडने दुसरीला हाक मारली ती ‘धिस’ या संदर्भावरून, म्हणजे मूळ ऑब्जेक्टने स्वतःलाच. दारावर बसवलेला पहारेकरी बाहेरून येणाऱ्याला अडवतो. घरातल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणारा त्याला दिसतच नाही. मंजुरीच्या मेथडवरील ॲनोटेशन त्या क्षणी कोणी वाचलेच नाही. @ट्रान्झॅक्शनल, @कॅशेबल, @असिंक या साऱ्यांच्या बाबतीत हेच घडते, पण तेथे परिणाम चुकलेल्या ट्रान्झॅक्शनपुरता (सारे बदल एकत्र पक्के किंवा एकत्र रद्द करण्याच्या व्यवस्थेपुरता) किंवा मंदावलेल्या कामापुरता असतो. अधिकाराच्या बाबतीत परिणाम असा की न दिलेली परवानगी दिल्यासारखी होते, आणि लॉगमध्ये त्याची एक ओळही उमटत नाही.

यावर चार उपाय सांगितले जातात. बीनमध्ये स्वतःचाच प्रॉक्सी संदर्भ इंजेक्ट करून घेणे हा पहिला. तो चालतो, पण पुढे कोड वाचणाऱ्याला त्याचे कारण कळत नाही आणि कोणीतरी तो ‘स्वच्छ’ करून टाकतो. ॲस्पेक्टजे या साधनाच्या विव्हिंगने तपासणी थेट बाइटकोडमध्ये (कंपाइल झालेल्या कोडमध्ये) विणणे हा दुसरा. त्यात प्रॉक्सीच नसल्यामुळे स्वतःला मारलेली हाकही तपासली जाते, परंतु बिल्डची गुंतागुंत वाढते आणि लहान टीमला ती निभावणे जड जाते. मेथडच्या आत हाताने तपासणी हा तिसरा. चौथा, आणि माझ्या मते तुमच्यासाठी एकमेव योग्य उपाय, म्हणजे क्लास वेगळे करणे: अर्ज चढवण्याची सर्व्हिस निराळी आणि मंजुरीची निराळी. मग एकीची दुसरीला हाक प्रॉक्सीतूनच जाईल, आणि कारकुनाला तेथे नकार मिळेल.

तो नकार मिळाल्यावर एक अधिक महत्त्वाची गोष्ट उघड होईल. फाइल चढवताना मंजुरी आपोआप व्हावी हे मुळात कोणी आणि का ठरवले? वाळपईच्या शाखाधिकाऱ्याने कागदावर सही केलेली असते म्हणून एक्सेलमध्ये ‘मंजूर’ असा रकाना ठेवला गेला असावा. प्रणालीच्या दृष्टीने त्या रकान्याला काहीच अर्थ नाही, कारण तो कारकुनाने भरलेला आहे. फाइल चढवल्यावर सारे अर्ज ‘मंजुरीच्या प्रतीक्षेत’ या स्थितीत यावेत, आणि जोडणी परत आल्यावर शाखाधिकाऱ्याने स्वतः लॉगिन करून ते मंजूर करावेत. पन्नास अर्ज एका वेळी मंजूर करण्याची सोय त्याला जरूर द्या. पण ती त्याच्या ओळखीने चालली पाहिजे.

स्वतःला मारलेली हाक हे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण आहे. तपासणी गुपचूप गळून पडण्याचे आणखी बरेच मार्ग आहेत, आणि मला त्यांची अधिक काळजी वाटते, कारण त्यांत कोड पाहून काहीही चुकल्यासारखे दिसत नाही. स्प्रिंग सिक्युरिटीत मेथडवरील तपासणी @एनेबलमेथडसिक्युरिटी लिहिल्याशिवाय सुरूच होत नाही. ते लिहिल्यावर @प्रीऑथराइज चालू होते, पण @सिक्युअर्ड आणि जावाच्या जेएसआर-२५० या मानकातील @रोल्सअलाउड ही दोन्ही बंदच राहतात. त्यांच्यासाठी वेगळे पर्याय द्यावे लागतात. तुमच्या टीममध्ये जावा ईईच्या पार्श्वभूमीचा एखादा सहकारी सवयीने @रोल्सअलाउड लिहील, कोड कंपाइल होईल, प्रणाली सुरू होईल, आणि ती मेथड लॉगिन केलेल्या प्रत्येकाला खुली राहील. ‘न्यू’ वापरून हाताने तयार केलेल्या ऑब्जेक्टला प्रॉक्सी नसते. प्रायव्हेट आणि स्टॅटिक मेथड्सना सबक्लासमध्ये ओव्हरराइड करता येत नाही, त्यामुळे त्यांच्यावरील ॲनोटेशन शोभेपुरते उरते. फायनल मेथडची गोष्ट तर विचित्रच होते: हाक सीजीलिबच्या सबक्लासवर येते, मेथड ओव्हरराइड झालेली नसल्यामुळे तपासणी चुकते, आणि वर प्रॉक्सी ऑब्जेक्टमधील फील्ड रिकामी असल्यामुळे बहुधा नल पॉइंटर एक्सेप्शन येते, ज्याचे कारण शोधताना अधिकाराचा विषय कोणाच्या मनातही येत नाही. कॉटलिनमध्ये क्लास आणि मेथड्स मूलतः फायनल असतात, म्हणून तेथे स्प्रिंगसाठीचा कंपायलर प्लगिन अनिवार्य समजावा. गूगलच्या ‘ज्यूस’ या फ्रेमवर्कातही नियम जवळपास हेच आहेत: क्लास फायनल नको, मेथड प्रायव्हेट किंवा फायनल नको, आणि ऑब्जेक्ट इंजेक्टरनेच तयार केलेले हवे.

स्वतःचे ॲनोटेशन आणि स्वतःचा इंटरसेप्टर लिहिण्याच्या विचारातही हीच जोखीम आहे. ॲनोटेशन घोषित करताना रिटेन्शन (ॲनोटेशन कोठपर्यंत टिकवायचे ते) ‘रनटाइम’ असे लिहिले नाही तर जावाचे मूलतः धरलेले धोरण ‘क्लास’ असते, म्हणजे ॲनोटेशन क्लास फाइलमध्ये राहते पण चालत्या प्रोग्रॅमला रिफ्लेक्शनने (स्वतःचाच कोड तपासण्याच्या सोयीने) दिसत नाही. तुमचा इंटरसेप्टर ‘ॲनोटेशन नाही, म्हणजे निर्बंध नाही’ असे समजून पुढे जाईल. इंटरफेसवर आधारलेल्या प्रॉक्सीत इंटरसेप्टरला मिळणारी मेथड इंटरफेसची असू शकते, आणि ॲनोटेशन मात्र प्रत्यक्ष क्लासवर असते, तेथेही तेच. ‘@इनहेरिटेड’ लिहून हे सुटेल असे अनेकांना वाटते, परंतु ते फक्त सुपरक्लासवरील ॲनोटेशनला लागू पडते, इंटरफेसवरील किंवा मेथडवरील ॲनोटेशनला नाही. क्लासवर एक आणि मेथडवर दुसरे ॲनोटेशन असेल तर कोणते मानायचे, दोन रोल लिहिले तर दोन्ही हवेत की कोणताही एक चालेल, वापरकर्ताच नसेल तर काय, असे प्रत्येक प्रश्न तुम्हालाच सोडवावे लागतील. शिकण्यासाठी असा इंटरसेप्टर एकदा जरूर लिहून पाहावा. त्यातून जेवढे कळते तेवढे दस्तऐवज वाचून कळत नाही. पण लोकांची ठेव सांभाळणाऱ्या संस्थेत तो चालवू नये. तुम्हाला तुमच्या व्यवहाराच्या भाषेतले ॲनोटेशन हवे असेल तर स्प्रिंगमध्ये त्यासाठी सरळ सोय आहे: ‘@कर्जमंजुरी’ असे तुमचे ॲनोटेशन बनवा आणि त्याच्या डोक्यावर @प्रीऑथराइज लावा. नाव तुमचे राहते, यंत्रणा तपासलेली राहते, आणि नियम एकाच ठिकाणी बदलता येतो.

त्या नियमात रोल लिहावा की परवानगी, याकडे आता वळतो. रोलवर आधारलेल्या अधिकारव्यवस्थेची मांडणी अमेरिकेतील एनआयएसटी या संस्थेतील डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी १९९२ मध्ये केली. १९९६ मध्ये रवी संधू आणि सहकाऱ्यांनी तिचे नेटके प्रतिमान दिले आणि २००४ मध्ये ती अमेरिकेत मानक म्हणून स्वीकारली गेली. या मांडणीत पहिल्यापासून तीन घटक आहेत: माणूस, रोल आणि परवानगी. माणसाला रोल मिळतो, रोलला परवानग्या मिळतात, आणि प्रणालीतील कृती परवानगी मागते. आपण कोड लिहिताना परवानगीची पायरी गाळतो आणि मेथडवर थेट ‘शाखाधिकारी’ असे लिहून मोकळे होतो. मग संस्थेने उपशाखाधिकारी हे पद निर्माण केले की वीस ठिकाणी ॲनोटेशने बदलावी लागतात, आणि एखादे राहून जाते. मेथडवर ‘कर्ज मंजूर करणे’ ही परवानगी लिहा. ती कोणत्या पदाला द्यायची ते डेटाबेसमध्ये ठरू द्या. स्प्रिंगमध्ये यासाठी हॅज-ऑथॉरिटी वापरावे, हॅज-रोल नव्हे, कारण हॅज-रोल दिलेल्या नावापुढे ‘रोल’ आणि अंडरस्कोर ही आद्याक्षरे स्वतः जोडते. डेटाबेसमध्ये ती आद्याक्षरे नसतील तर खऱ्या शाखाधिकाऱ्यालाही नकार मिळतो आणि नवखा प्रोग्रॅमर वैतागून ॲनोटेशनच काढून टाकतो.

पदांची उतरंड लावतानाही थांबून विचार करावा. सचिवाला शाखाधिकाऱ्याचे सारे अधिकार असतील असे धरणे सोपे आहे. संस्थेच्या कामकाजात ते खरे आहे का, हे त्यांनाच विचारा. लेखापरीक्षकाला उतरंडीत कोठेही बसवू नये. त्याला चारही शाखांचे सारे काही दिसले पाहिजे आणि एकही आकडा बदलता येता कामा नये. असा माणूस कोणाच्या वर नसतो आणि कोणाच्या खालीही नसतो.

येथपर्यंतचे सारे रोलपुरते झाले. पतसंस्थेतील खरे प्रश्न मात्र रोलच्या पलीकडे सुरू होतात. म्हापशाचा शाखाधिकारी काणकोणचे कर्ज मंजूर करू शकतो का? रोल आहे, परवानगीही आहे, तरी उत्तर ‘नाही’ असले पाहिजे. ज्या शाखाधिकाऱ्याने गर्दीच्या दिवशी स्वतःच अर्ज नोंदवला, त्यानेच तो मंजूर करावा का? नोंद करणारा आणि मंजूर करणारा वेगळा हा नियम माणसाच्या पदावरून ठरत नाही, त्या विशिष्ट कर्जाच्या इतिहासावरून ठरतो. वेबसुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत अधिकारतपासणीतील त्रुटी पाचव्या क्रमांकावरून पहिल्यावर आल्या, आणि त्या गटातील नेहमी आढळणारा प्रकार हाच आहे: पत्त्यातील क्रमांक बदलला की दुसऱ्याची नोंद उघडते, कारण रोल तपासला जातो पण नोंद कोणाची आहे हे तपासले जात नाही.

@प्रीऑथराइजच्या पदावलीत (त्यात लिहिलेल्या अटीत) एखाद्या बीनची मेथड हाकारता येते, तेव्हा ‘या वापरकर्त्याला या कर्जक्रमांकावर मंजुरी देता येते का’ असा प्रश्न विचारणारी छोटी बीन लिहा आणि कर्जक्रमांक तिला द्या. तीन गोष्टी सांभाळाव्यात. शाखेचा क्रमांक विनंतीतून आलेला घेऊ नका; कर्जक्रमांकावरून डेटाबेसमधून काढा, कारण विनंतीत काय लिहायचे हे विनंती करणाऱ्याच्या हातात असते. दुसरे, पदावलीत पॅरामीटरचे नाव वापरता येण्यासाठी कंपायलरला ‘पॅरामीटर्स’ हा पर्याय द्यावा लागतो. स्प्रिंग बूटचे पॅरेंट वापरत असाल तर तो आपोआप लागतो, पण स्वतःचा बिल्ड असेल तर नाव सापडत नाही आणि त्या जागी नल येते. तुमची बीन नल मिळाल्यावर ठाम नकार देते ना, हे पाहा. तिसरी गोष्ट सूक्ष्म आहे. ही तपासणी मूलतः ट्रान्झॅक्शन सुरू होण्याच्या आधी घडते, त्यामुळे तपासणी आणि प्रत्यक्ष बदल यांच्या मध्ये कर्जाची स्थिती बदलू शकते. म्हणून बदल करणाऱ्या एसक्यूएलच्या ‘व्हेअर’ भागात शाखा आणि ‘प्रतीक्षेत’ ही स्थिती पुन्हा लिहावी, आणि एकही ओळ बदलली नाही तर काम अयशस्वी समजावे.

इंटरसेप्टरच्या क्रमाविषयी वेगळे सांगितले पाहिजे, कारण एकाच मेथडवर तीन-चार ॲनोटेशने आली की कोणते आधी चालते हे फार थोडे जण पाहतात. मूळ रचनेत अधिकाराचे इंटरसेप्टर बाहेरच्या बाजूला आणि ट्रान्झॅक्शनचा सर्वांत आत असतो. @प्रीऑथराइजसाठी हे उत्तम आहे. पण परिणाम पाहून निर्णय घेणारे @पोस्टऑथराइज एखाद्या बदल करणाऱ्या मेथडवर लावले तर नकार येईपर्यंत आतले ट्रान्झॅक्शन कमिट (पक्के) होऊन गेलेले असते: वापरकर्त्याला ‘अधिकार नाही’ असे दिसते आणि डेटाबेसमध्ये बदल झालेला असतो. ट्रान्झॅक्शनचा क्रम बदलून ते बाहेर आणता येते. मी मात्र असे सुचवेन की @पोस्टऑथराइज फक्त वाचनाच्या मेथड्सवर लावावे. कॅशेचा (आधी काढलेले उत्तर साठवून पुन्हा देणारा) इंटरसेप्टर कोणी हौसेने अधिकाराच्या बाहेर नेला तर सचिवासाठी काढलेली यादी कारकुनाला तपासणीविना मिळते, हे वेगळे सांगायला नको.

@पोस्टफिल्टरपासून तर शक्य तितके दूर राहावे. ते मेथडने दिलेल्या यादीतून अधिकार नसलेल्या नोंदी काढून टाकते, आणि हे काम त्याच यादीत करते; नवी यादी बनवत नाही. न बदलणारी यादी दिली तर एक्सेप्शन येते. यादी मेमरीतील कॅशेमधून आलेली असेल तर कॅशेमधील मूळ यादीच कापली जाते, आणि म्हापशाच्या कारकुनाने पाहिल्यानंतर लेखापरीक्षकाला फक्त म्हापशाची कर्जे दिसू लागतात. पानापानाने यादी दाखवत असाल तर वीसच्या जागी सात नोंदींचे पान येते. शाखेची अट क्वेरीतच घालावी.

आता महिनाअखेरीचे व्याज. सध्याचा वापरकर्ता कोण, ही माहिती स्प्रिंग सिक्युरिटी थ्रेड-लोकलमध्ये, म्हणजे एका थ्रेडपुरत्या (प्रोग्रॅममधील कामाच्या एका धाग्यापुरत्या) जागेत, ठेवते. वेबवरून विनंती आली की ती त्या विनंतीच्या थ्रेडवर भरली जाते आणि विनंती संपली की पुसली जाते. रात्रीचे काम शेड्यूलरच्या थ्रेडवर चालते, तेथे कोणीच लॉगिन केलेले नसते, म्हणून प्रॉक्सीने काम थांबवले. म्हणजे पहिल्या उदाहरणात हाक प्रॉक्सीतून गेली नाही म्हणून तपासणी झाली नाही, आणि दुसऱ्यात ती गेली म्हणून झाली. दोन्ही वेळा यंत्रणा नेमाने वागली.

ही एरर घालवण्यासाठी व्याजाच्या मेथडवरील ॲनोटेशन काढू नका, आणि कामाला सचिवाचा रोलही देऊ नका. ‘रात्रपाळीचे व्याज’ अशी एक यंत्रओळख तयार करा, तिला फक्त व्याजआकारणीची परवानगी द्या, काम सुरू होताना ती कॉन्टेक्स्टमध्ये भरा आणि ‘फायनली’मध्ये पुसा. पुसण्याचे राहिले तर तोच थ्रेड पूलमधून दुसऱ्या कामाला जाताना ओळख बरोबर घेऊन जातो. स्प्रिंगमधील ‘डेलिगेटिंग सिक्युरिटी कॉन्टेक्स्ट’ या नावाचे एक्झिक्युटर आणि रनेबल हेच काम नीट करतात; @असिंक मेथड्ससाठीही तेच वापरा. इंटरनेटवर यासाठी ‘इनहेरिटेबल थ्रेड-लोकल’ चालू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो थ्रेड पूल असलेल्या प्रणालीत धोक्याचा आहे. त्यात मूळ थ्रेडची ओळख नव्या थ्रेडला तो जन्मताना मिळते. पूलमधील थ्रेड एकदाच जन्मतात आणि पुढे शेकडो जणांची कामे करतात. सकाळी ज्याच्या विनंतीमुळे थ्रेड जन्मला त्याच्या नावाने दुपारी भलत्याचे काम होऊ शकते. यंत्रओळखीचा दुसरा लाभ असा की लेखापरीक्षणात व्याजाच्या नोंदीपुढे कोणा माणसाचे नाव येत नाही, कामाचे नाव येते.

गोव्यातील संस्थांसाठी आणखी एका गोष्टीचा आधीच विचार करावा, आणि ती म्हणजे तात्पुरता चार्ज. चवथीच्या दिवसांत शाखाधिकारी रजेवर जातो, चार्ज दुसऱ्याकडे देतो, आणि प्रणालीत त्याची सोय नसली की आपला पासवर्ड देऊन जातो. मग तुमची सारी ॲनोटेशने अचूक चालूनही मंजुरीपुढे चुकीचे नाव लागते. रोल देण्याच्या नोंदीत ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा ठेवा, चार्ज देणाऱ्याचे नाव ठेवा, आणि मुदत संपली की अधिकार आपोआप जाऊ द्या. मेथडवरील ॲनोटेशन यासाठी बदलावे लागत नाही. परवानगी आणि पद वेगळे ठेवल्याचे फळ येथे मिळते. मात्र तुम्ही रोल टोकनमध्ये (लॉगिननंतर मिळणाऱ्या मुदतीच्या ओळखपत्रात) भरून देत असाल तर टोकनची मुदत संपेपर्यंत जुना अधिकार जिवंत राहतो. फोंड्याहून काणकोणला बदली झालेल्या अधिकाऱ्याच्या हाती दिवसभराचे टोकन असेल, तर तो दिवसभर फोंड्याचाच शाखाधिकारी असतो. टोकनची मुदत काही मिनिटांची ठेवा, किंवा पैशाच्या व्यवहारापुरत्या परवानग्या प्रत्येक वेळी डेटाबेसमधून वाचा. चार शाखांच्या संस्थेत त्या वाचनाचा भार नगण्य आहे.

यूआरएलवरची तपासणी ठेवावी का, असेही तुम्ही जाता जाता विचारले आहे. ठेवावी, लॉगिन न केलेल्याला ती दारातच थांबवते. पण कर्जमंजुरीचा नियम सर्व्हिसवरच राहावा, कारण आज वेब आहे, उद्या मोबाइल ॲप येईल, परवा संदेशांची रांग येईल, आणि प्रत्येक वाट शेवटी त्याच मेथडला येऊन मिळते.

कामाचा क्रम मी असा ठेवेन. सर्वांत आधी एक चाचणी लिहा, जी सर्व्हिसच्या पॅकेजमधील प्रत्येक पब्लिक मेथड रिफ्लेक्शनने पाहील आणि तिच्यावर किंवा तिच्या क्लासवर अधिकाराचे ॲनोटेशन नसेल तर बिल्ड मोडेल. खरोखर सर्वांसाठी खुली असलेल्या मेथडवर तसे सांगणारे ॲनोटेशन लिहायला लावा, म्हणजे विसरणे आणि ठरवून मोकळे सोडणे यांत फरक राहील. त्याच चाचणीत @रोल्सअलाउड, @सिक्युअर्ड आणि प्रायव्हेट, स्टॅटिक व फायनल मेथड्सवरची ॲनोटेशनेही पकडा. ही चाचणी चालवल्यावर जी यादी हाती येईल ती पाहून तुमच्या ज्येष्ठांचे मत बदलेल असे मला वाटते, कारण प्रत्येक मेथडमध्ये हाताने लिहिलेल्या ‘इफ’ची अशी यादी कोणत्याही यंत्राला काढता येत नाही. मग एकगठ्ठा चढवण्याचा क्लास वेगळा करा आणि मंजुरीचा रकाना काढा. त्यानंतर पदे एका बाजूला आणि कृती दुसऱ्या बाजूला असा तक्ता संस्थेच्या सचिवांसमोर बसून भरा, त्यांची सही घ्या, आणि त्या तक्त्यातील प्रत्येक चौकटीसाठी एक चाचणी तयार होईल अशी व्यवस्था करा. या चाचण्यांत सर्व्हिस ‘न्यू’ने बनवू नका, कंटेनरकडूनच घ्या, नाहीतर प्रॉक्सीविना प्रत्येक हाक तपासणीशिवाय आत जाईल. नकाराच्या चौकटी होकारापेक्षा अधिक असतील, आणि त्यांच्यात म्हापशाच्या अधिकाऱ्याने काणकोणचे कर्ज उघडण्याची चौकट असलीच पाहिजे. व्याजाच्या कामाची ओळख त्यानंतर बांधायला घ्या; तोपर्यंत महिनाअखेर आलीच, तर सचिवांनी स्वतः लॉगिन करून ते काम पडद्यावरून चालवावे.